नराची मुळी

माझ्या वावरात दारूचं झाड आहे, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तर त्याला घरी बोलावून समजावून सांगणार आहे, की बाबा रे, दारूचं झाड नसतं. दारू गुळाची होते, मोहाची होते, मळीची होते, म्हणून उसाला कुणी दारूचं झाड म्हणतं का? आमच्या गावामागच्या ओढ्यात हातभट्टी लागते हे शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे. त्या वासाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण मी दोन गुंठ्यांत एक वेल लावला, ज्यापासून अजून थेंबभर काही झालेलं नाही, तर माझ्याकडे असं बघतात की मी मारुतीच्या पारावर गुत्ता काढलाय.

वेलाचं नाव हॉप. बिअरला जो कडूपणा आणि जो वास असतो तो ह्या वेलाच्या फुलाचा. बोराएवढं हिरवं फूल, कोबीसारखे पापुद्र्यावर पापुद्रे, आणि आत चिमूटभर पिवळी भुकटी. बिअरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, मी सत्तावीस वर्षं काढली. तिथं हॉप परदेशातून यायचा, चकचकीत पिशव्यांत, दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात. सत्तावीस वर्षं मी त्याचा कडूपणा मोजला आणि जिवंत वेल एकदाही पाहिला नाही. याचा मला राग यायचा. नोकरी संपल्यावर धारूरच्या घाटावर आमच्या जमिनीत येऊन राहिलो तेव्हा मनात एवढंच होतं की आपल्या हातानं लावलेल्या हॉपची, घरापुरती का होईना, एक बरणी बिअर करायची. "आणि परवान्याचं काय?" बायकोनं विचारलं. "आधी वेल तर येऊ दे," मी म्हणालो.

हिमाचलातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं बी पाठवलं. कंद मागवले होते, ते वाटेतच वाळून चिपाड झाले, म्हणून बी. या बियांना आधी थंडी लागते. आमच्या बीड जिल्ह्यात थंडी आणायची कुठून? सहा आठवडे ते ओल्या फडक्यात फ्रिजमध्ये, सायीच्या भांड्याशेजारी पडून होतं. रुजलेल्यांतली साठ रोपं जगली. विहिरीच्या कडेला बांबू रोवले, वरून तारा ओढल्या, तारांवरून काथ्याच्या दोऱ्या खाली सोडल्या. आमच्याकडचा दिवस हॉपला अपुरा पडतो, म्हणून दिवेलागणीनंतर दोन तास बल्ब लावायचो. त्यावरही लोक बोललेच. "वेलाला लाइट अन् आमाला अंधार!" जसा काही मी त्यांच्या घरातला उजेड पोत्यात भरून आणला होता.

शेजारी एक मेंढपाळ कुटुंब राहतं. घरातल्या म्हाताऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्या शेरडांनी एकदा कुंपणातून मान घालून हॉपचं पान हुंगलं आणि तोंड फिरवलं. झालं! आबांनी निकाल दिला, "शेरडू तोंड लावंना म्हंजी इखच हाय." शेरडं झेंडूलाही तोंड लावत नाहीत आबा, तो तुम्ही देवाला वाहता, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

आबांची सून मात्र कामाला येऊ लागली आणि माझं निम्मं ओझं उतरलं. चोविशी-पंचविशीची असेल, पदरात दोन मुली, मोठी अंगणवाडीत जाणारी. मी आयुष्यात हाताखाली पदवीवाली बरीच माणसं घेतली, पण हिच्याइतक्या लवकर एकालाही काम कळलं नाही. हॉपचा वेल दोरीवर एकाच अंगानं चढतो, घड्याळाच्या काट्यासारखा. उलटा गुंडाळला तर सुटून लोंबकळतो. हे मी तिला सांगण्याआधी तिनं मला सांगितलं. "काका, ह्यो वेल लई हट्टी हाय. माज्या सासूवानी. एकाच अंगानं वळतो."

दुसऱ्या वर्षी, श्रावणाच्या सुमारास, कळ्या दिसायला लागल्या आणि मी तिला नर-मादी ओळखायला शिकवलं. हॉपमध्ये पपईसारखं असतं, एक वेल नराचा, एक मादीचा. बिअरला लागतं ते फूल मादीचं. जवळ नर ठेवला की मादीच्या फुलात बी धरतं आणि चव बिघडते. म्हणून नर ओळखायचा आणि मुळासकट उपटायचा. नराला बारीक मण्यांचे झुबके येतात, मादीला कुसळासारखे पांढरे धागे. ती एका वेलापाशी थांबली, बोटानं झुबका उचलून बघितला आणि म्हणाली, "म्हंजी हितं पोरी ठिवायच्या अन् पोरं उपटायची?"

"हो."

"आमच्याकडं उलटं हाय, काका."

आणि ती हसली. मीही हसलो. आता आठवलं की माझी मलाच चीड येते, कारण मी नुसता हसलो नाही, ते वाक्य उचललं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं. संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेताना आठ-दहा जणांसमोर मी ऐटीत म्हणालो, "तुम्ही पोरी नको म्हणता ना? माझ्या वावरात या. मी पोरं उपटून बांधावर टाकतो." पोटातल्या मुली मारण्यासाठी ज्या जिल्ह्याचं नाव पेपरात येऊन गेलं त्या जिल्ह्यात बसून मी हा टोमणा मारला होता. मला वाटलं, टोमणा लागेल. माना खाली जातील. एकाचीही गेली नाही. एकानं तेवढं विचारलं, "बांधावर म्हंजी कोन्या बांधावर, सायेब?"

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. चौदा नर उपटून झाले होते, त्यांचा ढीग पूर्वेच्या बांधावर होता. दोन दिवसांनी बघतो तर वेल तिथंच, मुळ्या गायब. कुणीतरी विळ्यानं नीट कापून नेल्या होत्या. मला वाटलं, साळिंदर. आता साळिंदर विळा वापरत नाही, हे सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

मग नेकनूरकडून मोटारसायकलवर एक जोडपं आलं. नवरा तिशीतला, बायको मागे डोक्यावर पदर घेऊन. नवऱ्यानं चप्पल बाहेर काढली. वावरात येताना चप्पल काढणारा माणूस बघितला तिथंच मला धोका कळायला हवा होता.

"सायेब, तुमच्याकडं नराची मुळी भेटती म्हने."

"कशाला पाहिजे?"

तो बायकोकडे बघून खाली बघायला लागला. शेवटी तीच बोलली, "तीन पोरी हायेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी त्याला बे म्हणालो, जे मी एरवी कुणाला म्हणत नाही. "तुला मुलगा होतो का मुलगी हे तुझ्या बीजावर ठरतं बे, बायकोच्या पोटावर नाही अन् माझ्या वेलावर तर नाहीच!" तो शांतपणे ऐकत राहिला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "रागवा सायेब, पर थोडी द्या." त्याला वाटत होतं की मी मुळी सहजासहजी देत नाही, म्हणजे ती खरी आहे.

त्यानंतर उधाण आलं. कुंपणाच्या खांबाला कुणी हळदकुंकू लावलं. एका सकाळी विहिरीपाशी फोडलेला नारळ. सिरसाळ्याच्या बाजारात कुणी एक जण माझ्याच वेलाची म्हणून मुळी विकतो असं कानावर आलं, आणि ती तर माझीही नव्हती, कुठल्या तरी घाणेरीची होती. म्हणजे माझ्या नावावर भोंदूगिरी आणि त्या भोंदूगिरीतही भेसळ! बायको म्हणाली, "करायला गेलात गणपती आणि झाला मारुती." मी तिच्यावरही ओरडलो. वास्तविक तिचं म्हणणं बरोबर होतं.

या सगळ्यात आबांची सून तीन दिवस कामाला आली नाही. चौथ्या दिवशी तिच्या मोठ्या मुलीकडून कळलं की आई सारखी ओकतेय. मी त्यांच्या घरी गेलो. आबा शेरडांमागे गेले होते, नवरा बाहेरगावी. दारातच चूल पेटलेली होती, चुलीवर भगुणं, आणि तो वास. तो मला डोळे बांधूनही ओळखू येईल. चुलीपुढं तिची सासू बसली होती आणि दुधात माझ्या वेलाची मुळी उकळत होती. सून भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक. तिला तिसरा महिना होता. आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं.

गरोदर बाईच्या पोटात हॉप जाऊ द्यायचा नसतो, एवढं मला नक्की ठाऊक होतं. मी ते भगुणं उचललं आणि अंगणात ओतलं. हात भाजला. "वहिनी, काय चालवलंय हे? ह्या मुळीनं काही होत नाही! काही म्हणजे काही होत नाही! लेकराच्या जिवावर बेतेल!"

सासू उठली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमीच तर सांगितलावतं फाट्यावर. नर येगळे काढता म्हनून. शिकलेला मानूस उगं कशाला येगळे काढील? अन् मुळी खोटी आसंल तर मंग न्हेतो आमी हिला. परवाची गाडी आजून मोडलेली न्हाई."

"कुठं नेता?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. सून उठली, भिंतीचा आधार घेत माझ्याजवळ आली. "काका, जरा शेरडांच्या वाडग्याकडं या. तुमाला ते कातडी निघालेलं करडू दाखवायचंय." कातडी निघालेलं करडू वगैरे काही नव्हतं. वाडग्याच्या आडोशाला ती मला जे बोलली ते मी आहे तसं देतो.

"मुळी म्याच आनली, काका. बांधावरून म्याच कापून आनली."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "तू? तुला तर सगळं कळतं!"

"कळतं म्हनूनच आनली. दोन पोरी हायेत. आता हे लोक मला तपासायला न्हेनार व्हते. कुठं न्हेत्यात ते इचारू नका. पोरगी निगाली का तिथंच साफ. मागल्या साली येकदा झालंय. म्या सासूला म्हनलं, काकांच्या वावरात नराची मुळी हाय, ती पिली का पोरगाच होतो, तपासायचं कामच न्हाई. तिला पटलं. पाच म्हैने पुरे करायचेत मला, काका. मंग कोनी हात लावीत न्हाई. अन् तुमी येऊन म्हनता काई होत न्हाई. कशाला म्हनलात?"

मला जन्मात कुणी इतकं खाली बघायला लावलेलं नाही. मी म्हणालो, तक्रार करू. फोन करून सांगायची सोय आहे, माझं नाव देतो. ती म्हणाली, "नवरा आत गेला का मी कुठं जाऊ, दोन पोरी घिऊन? तुमच्या घरी?" मी लगेच हो म्हणालो नाही. ते तिलाही दिसलं. "तुमी फकस्त आत जाऊन म्हना, मुळी खरी हाय. तुमचं ऐकत्यात. तुमी शिकलेले."

राग कुणावर काढावा हेच कळेना. सासूवर काढावा तर तिच्याही अंगावर हे असंच कुणीतरी ढकललेलं असणार. ज्या दवाखान्यात हे चालतं त्याचं तर मला नावही ठाऊक नव्हतं. आणि मी, ज्यानं सत्तावीस वर्षं एका आकड्याचा घोळ झाला तरी कागद फाडून पुन्हा लिहायला लावला, त्या माझ्याकडे ही पोरगी खोटं बोलायची भीक मागत होती. भीकही नाही. काम सांगत होती, जसं मी तिला रोज सांगायचो.

मी आत गेलो. म्हणालो, "वहिनी, मी रागानं बोललो. मुळी खरी आहे. पण तुम्ही ती उकळली, म्हणून मी चिडलो. नराची मुळी पोटात घ्यायची नसते. पोटात गेली की उलटते. कच्ची, फडक्यात बांधून उशाला ठेवायची."

सासूनं मान वर केली. "उशाला?"

"उशाला. आणि पथ्य कडक आहे." इथून पुढं मला कसं सुचत गेलं ते देव जाणे. "नर्सबाईकडे दर महिन्याला जायचं, गोळ्या घ्यायच्या, इंजेक्शन घ्यायचं, ते चुकलं तर मुळी काम करत नाही. पण पोरगा का पोरगी हे बघायला जर कुठं नेलंत, तर त्या यंत्राच्या नुसत्या उजेडानं मुळीचा गुण जातो. मग मला बोल लावायचा नाही."

"यंत्राच्या उजेडानं," सासू स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "खरं आसंल. माज्या बहिनीच्या सुनंला न्हेलतं, तिला पुन्हा दिवसच न्हाई गेले." आणि तिनं गाडीवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं. मी घरी येऊन भाजलेल्या हाताला बायकोकडून तूप लावून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. तिनं तुपाची वाटी झाकून ठेवली. मग म्हणाली, "नेकनूरच्या त्या बाईला तुम्ही हाकलून दिलंत."

ते वाक्य मला झोंबलं. तो माणूस पुन्हा येईल अशी मला आशा नव्हती, पण आठ दिवसांत तो आला, चप्पल बाहेर काढून. मी त्याला मुळी दिली. तेच पथ्य सांगितलं, शब्दाला शब्द. त्यानंतर आणखी आले. मी कुणाकडून फुलाची पाकळी घेतली नाही, पण म्हणून मी स्वच्छ ठरत नाही. मी जे केलं ते कायद्यानं गुन्हा आहे, मला माहीत आहे. मुळीवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या विश्वासाला मी खतपाणी घातलं, तेही माहीत आहे. मुलगी झाल्यावर त्या घरात तिचं काय होणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी शहाण्या माणसानं यावं आणि मला दुसरा उपाय सांगावा. मुली वाचवा म्हणून सभेत भाषण करणारे माझ्याकडे पुष्कळ आले. तिसऱ्या महिन्यातल्या बाईला पाच महिने गाठून देईल असा उपाय एकानंही सांगितला नाही.

येईल त्याला ताजी मुळी द्यावी लागायची, म्हणून उरलेले नर एकदम उपटता आले नाहीत. त्यांनी वाऱ्यावर परागाची धूळ सोडली आणि माझ्या सगळ्या माद्यांच्या फुलांत बी धरलं. फुलं आली ती फुसकी, बियांनी भरलेली, बोटात चोळली तर पिवळी भुकटी जेमतेम. असला हॉप कारखान्यात आला असता तर मी तो दारातूनच परत पाठवला असता. बिअर राहिली ती राहिलीच. मी त्या फुलांची बास्केट समोर ठेवून बसलो होतो आणि मला रडू आलं, हे कबूल करतो. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसानं रडू नये, पण सत्तावीस वर्षं थोडी नसतात.

फाल्गुनात आबांच्या सुनेला मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर चहा घेत होतो. सासू तडातडा चालत आली आणि सगळ्या हॉटेलासमोर उभी राहून तिनं मला जे झोडपलं! "पोरगी झाली, पोरगी! उशाला ठिवली, पथ्य पाळलं, येकदा म्हनून न्हेलं न्हाई, अन् तिसरी बी पोरगीच! लबाड हाय तुमची मुळी! शिकलेले म्हनवता अन् गरिबाला फसवता व्हय?" ऐकणारे एकमेकांकडे बघून हसत होते. वर्षभर ज्यांनी मला दारूवाला म्हटलं ते आता भोंदू म्हणत होते. एरवी मी एकेकाला पुरून उरलो असतो. "बाळ कसंय?" मी विचारलं. ती बोलता बोलता अडखळली. "चांगलंय," म्हणाली, "सव्वातीन किलोचं. आवाज तर आसला हाय का घर डोक्यावर घ्यायलंय." आणि लगेच तिला आठवलं की ती भांडायला आलीय, मग पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर दोन घरांतून पेढे आले. मुलगा झाला म्हणून. ते पेढे मी घरात घेतले नाहीत, देणाऱ्यांना असं काही बोललो की ते परत येणार नाहीत. त्यांना वाटलं, सिद्धपुरुषाचा स्वभाव.

आणि मागच्या आठवड्यात नेकनूरचा तो आला. या वेळी चप्पल पायात होती. कुंपणापासूनच त्यानं सुरुवात केली. माझी आई काढली, बाप काढला, माझं शिक्षण काढलं. मी आतून खुर्ची आणली, त्याला सावलीत बसवलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्याचं ओरडून होईपर्यंत मी हात जोडून ऐकत होतो. माझ्याकडे शिव्या द्यायला जो येतो त्याच्या घरात एक मुलगी जिवंत असते. अजून चार जणींचे दिवस भरायचे आहेत.